अ‍ॅलन ट्युरिंग: आधी मेमरी मागणारा माणूस

घरच्या सर्व्हरवर दोन-चार व्हर्च्युअल मशीन चालवायच्या ठरल्या की बहुतेक जण आधी प्रोसेसर बघतात. ट्युरिंगने आधी मेमरी बघितली असती.

त्याचा जन्म 23 जून 1912 चा, लंडनमधला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. त्यामुळे आईवडील बराच काळ इकडे भारतात आणि अ‍ॅलन व त्याचा मोठा भाऊ तिकडे परक्यांच्या घरी, असं बालपण गेलं. 1936 मध्ये केंब्रिजला असताना त्याने एक गणिती पेपर लिहिला. कल्पना अशी: एका यंत्राचं वर्णन दुसऱ्या यंत्राला डेटा म्हणून दिलं, तर दुसरं यंत्र पहिल्याची हुबेहूब नक्कल करू शकतं. तुमच्या विंडोज पीसीच्या पोटात लिनक्स चालतं, त्याच्या मुळाशी हेच आहे. (प्रत्यक्ष व्हर्च्युअल मशीन आयबीएमच्या मेनफ्रेमवर आल्या त्या 1960 च्या दशकात.) फक्त कागदावरच्या यंत्राची टेप हवी तेवढी लांब होती. खऱ्या यंत्रात ती चैन नसते.

महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये त्याने जर्मन एनिग्मा संदेश फोडायला बॉम्ब नावाचं यंत्र आखलं, पण ते एकाच कामाचं होतं. सगळी कामं करणारं यंत्र बांधायची संधी 1945 मध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत मिळाली. यंत्राचं नाव एसीई. त्यासाठी त्याने साधारण 25 किलोबाइट मेमरी मागितली. आज हसू येईल, तेव्हा ही मागणी अवाढव्य होती. मेमरी म्हणजे पाऱ्याने भरलेल्या सुमारे दीड मीटर लांब नळ्या, आणि त्यातून फिरणारे ध्वनीचे ठोके. (पाऱ्याऐवजी जिन दारू वापरा असंही त्याने सुचवल्याचं सांगतात!) एक फेरी पूर्ण व्हायला एक मिलिसेकंद लागे, तोवर प्रोसेसर ताटकळत बसणार. म्हणून पुढचा आदेश नळीत अशा जागी ठेवायचा, की लागेल त्या क्षणी तोच बाहेर पडेल.

तुमच्या सर्व्हरवरही असंच होतं बघा. 8 जीबी रॅममध्ये 4-4 जीबीच्या तीन मशीन कोंबल्या की होस्ट डिस्कवर स्वॅप करायला लागतो, आणि कितीही महाग प्रोसेसर असला तरी तो नुसता वाट बघत राहतो. त्यापेक्षा जुना चार कोअरचा पीसी, 32 जीबी रॅम आणि एसएसडी हा सौदा कधीही बरा. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो ते विकत घेण्याआधी बघा. बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही चालू करायला विसरू नका.

ट्युरिंगला मात्र त्याचं यंत्र मिळालं नाही. काम रेंगाळलं, तो वैतागला आणि 1948 मध्ये मँचेस्टरला गेला. मागे राहिलेल्यांनी 1950 मध्ये छोटं पायलट एसीई चालू केलं. वेग 1 मेगाहर्ट्झ, त्या काळी जबरदस्तच. मेमरी सुरुवातीला फक्त 512 बाइट.

बुद्धिबळाचा प्रोग्रामही त्याने लिहिला होता. तो चालवेल असं यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून 1952 मध्ये तो स्वतःच कागदावर गणित करत खेळला. एकेका चालीला अर्धा तास, आणि शेवटी डाव हरला. त्याच वर्षी समलैंगिक संबंधांबद्दल त्याला शिक्षा झाली, तुरुंग टाळायला हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागली, गुप्त कामाचा परवानाही गेला. 7 जून 1954 ला सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. वय 41. ब्रिटनने त्याला माफी दिली ती 2013 मध्ये.