थ्री नॉट थ्री ते एसएलआर : यशवंतरावांची कसोटी

रावेर, प्रतिनिधी :
रावेर लोकसभा मतदारसंघातील वरणगावचा आयुध कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. रायफलींची काडतुसे तयार करणाऱ्या या कारखान्याचा जन्म ज्या धामधुमीत झाला, तिच्या केंद्रस्थानी होते तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या यशवंतरावांचे पितृछत्र बालपणीच हरपले. आई विठाबाईंनी कष्टाने त्यांना वाढविले. स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवास, वकिली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्रिपद, असा त्यांचा प्रवास झाला. चीनकडून झालेल्या पराभवानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीस पाचारण केले. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

हिमालयातील जवानाच्या हाती तेव्हा थ्री नॉट थ्री होती. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागे. समोरच्या चिनी सैनिकांकडे मात्र आपोआप गोळी भरणाऱ्या रायफली होत्या. लष्करी मुख्यालयाने गरज मांडायची, संशोधकांनी आराखडा करायचा, चाचण्या घ्यायच्या, अर्थखात्याने मंजुरी द्यायची आणि मग कारखान्याने यंत्रे बसवायची, या वाटचालीत वर्षे निघून जात. त्या विलंबाची किंमत सीमेवरील जवानाने मोजली.

यशवंतरावांनी रायफल घडविली नाही. पण तिची वाट मोकळी करण्यास त्यांच्या कारकिर्दीत वेग आला. संरक्षण उत्पादनासाठी १९६२ मध्येच स्वतंत्र विभाग स्थापन झाला होता. १९६४ ते १९६९ या काळासाठी पाच हजार कोटी रुपयांची संरक्षण योजना आखली गेली. बंगालमधील ईशापूर कारखान्यात बेल्जियन रायफलीच्या धर्तीवरील ७.६२ मिमी एसएलआरचे उत्पादन सुरू झाले. तिच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या मावत. रायफल बदलली, तसे काडतूसही बदलावे लागले. दारूगोळा पुरेसा नसेल, तर नवे शस्त्र निरुपयोगीच ठरते.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. १९६५ च्या युद्धातही अनेक तुकड्या थ्री नॉट थ्री घेऊनच लढल्या. मात्र खचलेल्या सैन्याला सावरण्याचे काम तोवर बरेच पुढे गेले होते.

१९६६ मध्ये संरक्षण खाते सोडल्यावर यशवंतरावांनी गृह, अर्थ व परराष्ट्र खाती सांभाळली. १९७९ मध्ये ते उपपंतप्रधान झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वरणगावचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. एसएलआरनंतर इन्सास आली आणि तिचीही जागा आता नव्या रायफली घेत आहेत. फायलीवरचा निर्णय जवानाच्या हातात वेळेवर पोहोचतो का, हा यशवंतरावांपुढचा प्रश्न मात्र प्रत्येक संरक्षणमंत्र्यापुढे उभा राहतोच.