हसन फतही : माणसं पाहून घर बांधणारा वास्तुरचनाकार

एप्रिल महिना आला की आम्हा शिक्षकांना वर्गात उभं राहवत नाही. वर पत्रे, खाली फरशी, खिडकी आहे पण वारा तिच्या विरुद्ध दिशेने येतो. मुलं वहीचं पान फाडून वारा घेतात. घरी आलो तर स्लॅब तापलेला. रात्री बारापर्यंत भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. जुन्या धाब्याच्या घरात असं होत नव्हतं, हे आपल्यापैकी अनेकांच्या आजी-नानी सांगतात. आपण ते ऐकतो आणि दुसरा मजला चढवतो, तोही स्लॅबचाच.

हाच प्रश्न इजिप्तमधल्या एका माणसाने आयुष्यभर डोक्यात ठेवला. त्यांचं नाव हसन फतही. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या जगभरातल्या मुलांना हे नाव माहीत असतं, आपल्या घरांमध्ये मात्र क्वचितच कुणी घेतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

हसन फतही यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी इस्कंदरिया, म्हणजे अलेक्झांड्रिया शहरात झाला. घर खातंपितं होतं, गावाकडे जमीन होती. पण वडिलांना खेडं म्हणजे माश्या, चिखल आणि रोगराई वाटे, ते तिकडे फिरकत नसत. आईचं उलट होतं. तिचं बालपण गावात गेलेलं, आणि ती मुलांना तिथल्या कोकरांच्या, कबुतरांच्या गोष्टी सांगत असे. मुलाच्या मनात आईचं गाव बसलं. आधी त्यांना शेतकी शिकायची होती, पण प्रवेशाच्या वेळी शेतीचे साधे प्रश्नही सुटले नाहीत. मग वास्तुशास्त्राकडे वळले आणि १९२६ साली काहिऱ्याच्या विद्यापीठातून पदवी घेतली.

आपल्या घराण्याच्या शेतावर ते पहिल्यांदा गेले तेव्हा वय होतं २७. आईच्या गोष्टीतलं गाव तिथे नव्हतं. शेतमजुरांची अंधारी, कोंदट, घाणीने वेढलेली घरं होती. ही घरं आपल्याच जमिनीवर आहेत याची त्यांना लाज वाटली. त्यांचं पुढचं सगळं काम इथून सुरू झालं, असं आम्हाला वाटतं.

शिकलेल्या माणसाकडे तेव्हा एकच उत्तर होतं, सिमेंट आणि लोखंड. पण शेतमजुराला ते परवडणार कसं? त्याच्या पायाखाली माती होती आणि तिच्या विटा तो बापजाद्यांपासून पाडत होता. भिंतीचा प्रश्न तिथेच मिटला. अडायचं ते छताशी. छताला लाकूड लागतं, इजिप्तमध्ये लाकूड बाहेरून येतं, आणि दुसऱ्या महायुद्धात तेही मिळेनासं झालं. फतहींनी मातीच्या विटांचं कमानी छत करून पाहिलं. ते कोसळलं. पुन्हा केलं, पुन्हा कोसळलं.

त्यांचा एक भाऊ अस्वानच्या धरणावर अधिकारी होता. त्याने सांगितलं की तिकडचे नूबियाचे लोक लाकडाशिवाय छत घालतात. १९४१ साली फतही अस्वानला गेले आणि गावच्या गावं त्या कमानी छतांची पाहून थक्क झाले. मोठमोठ्या अभियंत्यांना न सुटलेलं कोडं तिथले गवंडी रोज सोडवत होते. पुढे लक्सरजवळ, फिरऔन रामसेसच्या मंदिराच्या आवारात, त्यांनी याच पद्धतीची कोठारं पाहिली. तीन हजारांहून अधिक वर्षांची, कच्च्या विटांची, आणि अजून उभी.

पद्धत समजून घेण्यासारखी आहे. खोलीची मागची भिंत उंच घ्यायची. तिच्यावर गवंडी ओल्या मातीने, नुसत्या नजरेने, कमानीचा आकार काढतो. मग पातळ विटा त्या भिंतीला टेकवून तिरप्या लावत जायच्या. प्रत्येक कमान मागच्या कमानीवर रेलते, त्यामुळे खाली सेंट्रिंग लावावंच लागत नाही. या विटांत भुसा नेहमीपेक्षा जास्त असतो, म्हणजे त्या हलक्या होतात. विटेच्या अंगावर बोटांनी दोन खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे ती ओल्या मातीला घट्ट धरते. अस्वानच्या दोन गवंड्यांनी एका खोलीचं छत दीड दिवसात पुरं केलं. फतही स्वतः प्राध्यापक होते, पण या बाबतीत ते गवंड्यांचे शागीर्द झाले आणि ते त्यांनी लपवलं नाही.

१९४५ साली सरकारी पुरातत्त्व खात्याने त्यांच्यावर मोठं काम सोपवलं. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेला, गुर्ना नावाची वस्ती होती. सुमारे सात हजार माणसं जुन्या राजे-सरदारांच्या थडग्यांवर आणि थडग्यांमध्ये राहत होती. थडग्यांतल्या वस्तू विकणं हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा. एका थडग्याच्या भिंतीवरचं कोरीव काम कापून चोरीला गेलं, तेव्हा सरकारने ठरवलं की पूर्ण वस्तीच खाली पन्नास एकरांवर हलवायची. नवीन गाव बांधायचं हसन फतहींनी.

एक नकाशा काढून नऊशे वेळा छापला असता तर कुणी जाब विचारला नसता. आजही आपल्याकडे घरकुलं अशीच होतात. फतहींना ते मान्य नव्हतं. त्यांनी पाहिलं की तिथले लोक ‘बदना’त राहतात, म्हणजे दहा-वीस घरांची एक भावकी. लग्न, मय्यत, भांडण, सगळं त्या भावकीत. म्हणून त्यांनी प्रत्येक बदन्याला स्वतःचा चौक दिला. घरं एकसारखी केली नाहीत, कुटुंब किती मोठं, जनावरं किती, हे धरून प्रत्येक घर वेगळं आखलं. गल्ल्या मुद्दाम वळणाच्या ठेवल्या, म्हणजे सावली राहते आणि परका माणूस सरळ आत घुसत नाही.

घराच्या मधोमध अंगण. वाळवंटात रात्री हवा गार होते, ती जड हवा अंगणात उतरून बसते आणि दुसऱ्या दिवशी बराच वेळ खोल्या थंड ठेवते. दारातून आत येताना एक वळण, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाची नजर अंगणात पडत नाही. घरातल्या बाया डोक्यावर आभाळ घेऊन मोकळेपणी वावरू शकतात. पर्दा म्हटलं की अंधारी खोली डोळ्यांसमोर येते, इथे पर्दाही होता आणि उजेडही. अरबीत घराला ‘सकन’ म्हणतात आणि मनःशांतीला ‘सकीना’, या दोन शब्दांचं नातं फतही आवर्जून दाखवत. आपण उर्दू बोलणाऱ्यांना ते समजावून सांगायची गरज नाही, ‘सुकून’ आणि ‘सकूनत’ आपल्या तोंडी आहेतच.

वाऱ्यासाठी त्यांनी ‘मलकफ’ वापरला. छतावरची उंच चिमणी, तिचं तोंड गार वारा येतो त्या बाजूला. खालच्या गल्लीत वारा नसला तरी वर असतो, तो पकडून खाली आणायचा. नव्या गुर्न्याच्या शाळेत तर या चिमणीत ओल्या कोळशाचे तिरपे ट्रे ठेवले होते. वारा त्यावरून वर्गात येई आणि तापमान १० अंशांनी उतरे. वीज नाही, पंखा नाही. हे वाचलं त्या दिवशी आम्ही आमच्या वर्गाच्या पत्र्यांकडे बराच वेळ पाहत बसलो होतो.

सगळंच आम्हाला पटतं असं नाही. घरोघरी नळ देण्यापेक्षा पाण्याची सार्वजनिक सोय ठेवावी, असा त्यांचा कल होता. पाण्याच्या निमित्ताने बायामुली घराबाहेर पडतात, एकमेकींना भेटतात, लग्नाची स्थळंही तिथेच नजरेस पडतात, असं त्यांचं म्हणणं. विचार प्रेमळ आहे, पण डोक्यावर हंडा पुरुषाच्या नसतो. ज्या घरात बाईने वर्षानुवर्षं पाणी वाहिलंय, तिथे जाऊन विचारलं तर ती नळच मागेल.

आणि विचारायचं तेच राहून गेलं. गुर्न्याच्या लोकांना तिथून हलायचंच नव्हतं. वरची थडगी ही त्यांची रोजीरोटी होती, खाली नुसती सुंदर घरं होती. घुमट पाहून काही जण म्हणत की ही तर कबरींची बांधणी, आमच्यासाठी कशाला? बांध फोडून नव्या गावात पाणी सोडण्याचा प्रकारही झाला. सरकारी कार्यालयांत सिमेंटवाल्यांचा कल वेगळाच, बिलं अडकायची, चुन्या-भुशासाठी कागद फिरायचे. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह आणि थोडी घरं उभी राहिली, बाकी काम १९४८च्या सुमारास थांबलं. फतहींनी लोकांच्या सवयींचा इतका बारीक अभ्यास केला, पण त्यांचा होकार त्यांच्या हातात नव्हता. हुकूम सरकारचा होता आणि नकाशा त्यांचा. लोकांनी दोन्ही एकच समजले, आणि त्यांची फार चूक होती असं आम्हाला म्हणवत नाही.

हा घाव मोठा होता. १९५७ साली ते अथेन्सला गेले, पाच वर्षांनी परतले. १९६४च्या मार्चमध्ये काहिऱ्यात काही नमुन्याची घरं शेजारी-शेजारी बांधून मोजणी झाली. कच्च्या विटांच्या घरात दिवसरात्रीत जेमतेम २ अंशांचा फरक पडला, तापमान २१ ते २३ अंश. काँक्रीटच्या तयार भिंतींच्या घरात पारा ३६ वर गेला, बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंश जास्त. आकडे समोर असूनही सरकार काँक्रीटच बांधत राहिलं. १९६७ साली खारगा मरूद्यानात ‘बारिस’ नावाचं गाव सुरू केलं, तर इस्रायलशी युद्ध पेटलं आणि तेही अर्धवट राहिलं.

गुर्न्याची ही सगळी कहाणी त्यांनी पुस्तकात लिहिली, अपयशासकट. ते १९६९ साली काहिऱ्यात निघालं आणि १९७३ साली शिकागो विद्यापीठाने ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने छापलं. मग जग त्यांच्या दारात आलं. १९८० साली आगाखान वास्तुपुरस्काराचा खास अध्यक्षीय सन्मान त्यांना मिळाला, राइट लाइव्हलीहूड पुरस्कारही त्याच वर्षी. त्याच सुमारास ऐंशीच्या वयात ते नूबियाचे गवंडी घेऊन अमेरिकेत न्यू मेक्सिकोला गेले आणि अबिक्यू इथे ‘दारुल इस्लाम’ची मातीची मशीद उभी केली. गंमत म्हणा की दुःख, ज्या गरिबांसाठी त्यांनी ही घरं आखली त्यांनी काँक्रीट धरलं, आणि अशी मातीची घरं पैसेवाले हौसेने बांधू लागले.

त्यांचा मुक्काम शेवटपर्यंत काहिऱ्याच्या किल्ल्याजवळ, दर्ब अल-लब्बाना गल्लीतल्या एका जुन्या घरात होता. सोबतीला बऱ्याच मांजरी. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचा इंतकाल झाला. नव्या गुर्न्यातली बरीच घरं खालच्या ओलाव्याने खचली, काहींनी ती पाडून काँक्रीटची बांधली. उरलेल्या इमारती वाचवण्याचं काम पुढे युनेस्कोने हाती घेतलं. मशीद मात्र गावकऱ्यांनी कधीच सोडली नव्हती, तिथे नमाज होत राहिली.