दादासाहेब गायकवाड आणि गावच्या शाळेचा कारभार

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव घेतले की काळाराम मंदिराचे बंद दरवाजे आणि भूमिहीनांच्या सत्याग्रहाने भरलेले तुरुंग आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु आपल्याच दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी एका महार कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाच्या आयुष्यात आणखी एक धागा सापडतो, आणि शाळेच्या स्मरणिकेत लिहिताना तोच हाती घ्यावा असे आम्हांस वाटले. गावच्या शाळेवर हुकूम कोणाचा चालावा, तो चालवणाऱ्यांना निवडून कोणी द्यावे, आणि ज्यांची मुले तिथे शिकतात त्यांचे त्या निवडीत स्थान काय, हा तो धागा होय. (आमचे विद्यार्थी दरवर्षी उत्तरपत्रिकेत दोन कर्मवीर भाऊरावांची गल्लत करतात. रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पाटील वेगळे, आणि आपले भाऊराव कृष्णाजी गायकवाड वेगळे. आपल्या तालुक्यात तरी ही चूक होऊ नये.)

भाऊराव विशीत होते तेव्हा मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाचा कारभार मुळापासून बदलला. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा सरकारी खात्याकडून जिल्हा लोकल बोर्ड आणि नगरपालिका यांच्या हाती सोपवल्या. त्यासाठी स्कूल बोर्ड स्थापन झाले. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या, नव्या शाळा कोठे काढायच्या, पैसा कोठे खर्च करायचा, हे त्या बोर्डाने ठरवायचे. कागदावर पाहता ही लोकशाहीकडे जाणारी वाट होती. आपल्या मुलांच्या शाळा आपल्या निवडून दिलेल्या माणसांनी चालवाव्यात, याहून रास्त ते काय?

अडचण मतदारयादीत होती. स्कूल बोर्डाचे सभासद पालकांनी निवडायचे नव्हते, ते लोकल बोर्डाच्या सभासदांनी निवडायचे होते. आणि लोकल बोर्डाला मत देण्याचा अधिकार सारा भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या माणसाला होता. गावकुसाबाहेरच्या बहुतेक कुटुंबांकडे सारा भरण्याजोगी जमीनच नव्हती. म्हणजे ज्या मुलाला शाळेच्या व्हरांड्यात वेगळे बसवले जाई, त्याच्या बापाला त्या शाळेच्या कारभाऱ्यांच्या निवडीत बोट उचलण्याचाही हक्क नव्हता. मागासलेल्या वर्गाला बोर्डावर प्रतिनिधित्व देण्याची तरतूद कायद्यात होती, हे खरे. पण तो प्रतिनिधी कोण असावा हे ठरवणारे हात पुन्हा त्याच गावकारभाऱ्यांचे होते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस पुढील नोंद नेहमी विचारात पाडते. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन आयोगापुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर केले. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा तो कायदा रद्द करावा आणि शाळा स्कूल बोर्डांच्या ताब्यात देणे थांबवावे, अन्यथा आपल्या मुलांच्या शिक्षणाची मोठी पीछेहाट होईल, अशी भूमिका घेतली. प्रौढ मतदानाचा आग्रह धरणारा हा महापुरुष निवडून आलेल्या बोर्डाला विरोध करतो, हे वरवर पाहणाऱ्यास विसंगत वाटेल. आम्हांस ते तसे वाटत नाही. ज्या निवडणुकीत आपण मतदार नाही, तिच्यातून आलेली सत्ता दूरच्या सरकारी अधिकाऱ्यापेक्षाही जवळची, म्हणून अधिक जाचक ठरते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि माध्यमिक शाळेतील मुलांसाठी जी वसतिगृहे निघाली त्यांत नाशिकचे एक होते. शाळा आपल्या हाती नसेल तर निदान मुलाचे जेवण, अंथरूण आणि अभ्यासाचा दिवा तरी आपल्या हाती असावा, हा वसतिगृहाचा अर्थ आहे. आपल्यापैकी जे वसतिगृहात वाढले त्यांना तो अधिक समजावून सांगायला नको.

भाऊराव तोवर नाशिकमध्ये बाबासाहेबांचे सहकारी म्हणून पुढे आले होते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच्या संघटनेचा भार त्यांच्यावर आला. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांवर बसली, तीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. सत्याग्रह म्हटले की घोषणा आणि मिरवणुका आठवतात. पण वर्षानुवर्षे चाललेला लढा घोषणांवर तग धरत नाही. कोणत्या गावाहून किती माणसे येणार, त्यांच्या भाकरीची सोय कोण करणार, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी कोण पाहणार, वर्गणीचा हिशेब कोण ठेवणार, ही कामे चिटणिसाची. भाऊरावांची खरी शाळा ही होती असे आम्ही मानतो. त्यांच्या पत्नी गीताबाई याही चळवळीत होत्या.

९ एप्रिल १९३० च्या रामनवमीला रथ ओढण्याच्या वेळी दगडफेक झाली. त्यानंतर जिल्ह्यातील खेड्यांत जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. समान हक्क मागितल्याचा सूड म्हणून ठिकठिकाणी अस्पृश्यांना रस्ते बंद झाले, दुकानदार माल देईनात, आणि त्यांच्या मुलांना शाळेतून बाहेर काढले गेले. मंदिराच्या दारात बाप बसला म्हणून पाटी-पेन्सिल घेऊन मुलगा घरी परत आला! शाळा चालवणारे आणि मंदिर बंद ठेवणारे हे गावोगाव एकाच ओसरीवर बसणारे लोक होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

१९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्राने कळवले की मंदिरप्रवेशासाठी आता शक्ती वेचू नये, समाजाने ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवावी. ते पत्र प्रसिद्ध आहे. बाबासाहेबांची कितीतरी पत्रे भाऊरावांनी जपून ठेवली आणि पुढे ती चळवळीच्या इतिहासाचे मोठे साधन ठरली. घराघरांतून जुने कागद पावसाळ्यात भिजून रद्दीत जातात हे पाहिलेल्या आमच्यासारख्या शिक्षकास त्यांची ही काळजी मोठी वाटते.

राजकारण आणि शिक्षण ही दोन कामे एकाच पत्रात शेजारी शेजारी आली हा योगायोग नव्हे. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली, पुढच्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, आणि १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९४६ पर्यंत ते आमदार होते. याच काळात, १९३८ मध्ये, खेर मंत्रिमंडळाने प्राथमिक शिक्षण कायद्यात दुरुस्ती करून स्कूल बोर्डाचे बरेच अधिकार सरकारकडे परत घेतले. बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर झाला. दहा वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी दाखवलेली भीती अगदीच निराधार नव्हती, असा त्यातून आम्ही अर्थ काढतो. सरकारची कारणे अर्थात वेगळी होती.

१९४६ ने मात्र जुना धडा पुन्हा गिरवून घेतला. पुणे करारानंतर राखीव जागेसाठी आधी आपल्या समाजाने उमेदवारांची प्राथमिक निवड करायची आणि मग सर्वांनी मिळून त्यांतला एक निवडायचा, अशी रीत होती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या उमेदवारांनी प्राथमिक निवडीत समाजाचा विश्वास मिळवला, पण अंतिम मतदानात पक्षाचा देशभर जवळजवळ धुव्वा उडाला. जागा आपली, उमेदवार आपल्या जातीचा, आणि त्याला निवडणारे हात दुसऱ्यांचे. स्कूल बोर्डातील आरक्षित सभासदाची जी गत, तीच विधानसभेची.

म्हणूनच १९५७ ची निवडणूक आम्हांस त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण घटना वाटते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात फेडरेशन समितीबरोबर उतरले, आणि दादासाहेब नाशिकच्या सर्वसाधारण, म्हणजे राखीव नसलेल्या, मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. ज्या नाशिकने २७ वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर मंदिराची दारे लावून घेतली, त्याच नाशिकच्या सर्व जातींच्या मतदारांनी त्यांना दिल्लीस धाडले. लाटेचा भाग त्यात होता, हे मान्य करू. पण प्रौढ मतदानाने प्रत्येकाच्या हाती एक मत आले आणि त्या मताला मित्र जोडता आले की काय घडू शकते, हेही त्यातून दिसले.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. बाबासाहेब नव्हते, आणि समाजापुढे एक नवाच पेच उभा होता. धम्मदीक्षा घेतलेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती बंद झाल्या. याचा घाव पहिल्यांदा बसला तो शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे तर शिष्यवृत्ती जाते, न लिहावे तर घेतलेल्या प्रतिज्ञांचे काय? १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने राज्याच्या सवलती बौद्धांना लागू केल्या, तेव्हा हजारो मुलांची शाळा वाचली. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० उजाडावे लागले. आम्ही शिक्षकी पेशात आलो तेव्हाही त्या रकान्याशी अडखळलेले वडील आम्ही पाहिले आहेत. एकाने आम्हांस मुलाचा धर्म पेन्सिलीने लिहिण्यास सांगितले होते.

स्कूल बोर्डे पुढे गेली. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपवल्या गेल्या. आता सर्वांना मत होते. मग ६ डिसेंबर १९६४ रोजी दादासाहेबांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह का पुकारला? पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, ही मागणी घेऊन तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. आमच्या समजुतीप्रमाणे, मत हाती आले तरी ज्याच्या बांधावर उद्याची मजुरी मिळवायची त्याच्याविरुद्ध हात वर करता येत नाही, हे त्यांनी आंब्यात जन्मल्यामुळे पुस्तकाविना जाणले होते. जमिनीचा प्रश्न आणि शाळेच्या कारभाराचा प्रश्न येथे एकमेकांस भिडतात. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते, १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

शिक्षणहक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून शाळेच्या कारभारात पालकांना थेट स्थान दिले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. १९२८ च्या निवेदनामागे जी तक्रार होती तिचे उत्तर ८२ वर्षांनी कायद्यात आले असे म्हणता येईल. व्यवहारात काय होते ते आम्ही आपल्याच तालुक्यातील एका गावी पाहिले. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस, आणि पालकसभा ठेवलेली सकाळी ११ वाजता. वस्तीवरचे सगळे पालक बागांत मजुरीला. आठ-दहा माणसांसमोर आधीच टंकलिखित केलेली यादी वाचली गेली. अर्धा दिवस बुडवून आलेली एक आई मागे उभी होती. तिने सभा संध्याकाळी घ्यावी असे सुचवले. ज्यांच्या बागेत ती छाटणीला जात होती त्यांचेच नाव अध्यक्षपदासाठी यादीत होते, हे तेथे प्रत्येकास ठाऊक होते. काही क्षण कोणी बोलले नाही. मग मुख्याध्यापकांनी यादी घडी करून खिशात ठेवली.

सभा संध्याकाळी ७ वाजता शाळेच्या पटांगणात झाली. साठच्या वर पालक आले, हात वर करून मतदान झाले. अध्यक्ष तेच गृहस्थ झाले; ती आई सभासद झाली. पहिल्याच बैठकीत तिने पोषण आहाराच्या तांदळाचे पोते सर्वांसमोर तोलून घेण्याचा विषय मांडला. शाळेत वजनकाटा नव्हता. तो किराणा दुकानातून मागवावा लागला, आणि उचलून आणायला अध्यक्ष स्वतः गेले.