हापशाची दांडी काढायला लावणारे डॉक्टर

मी आज डॉ. जॉन स्नो यांची माहिती लिहीत आहे. आपल्याकडे घरोघरी नळ आलेत, म्हणून मी हेच डॉक्टर निवडले.

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमध्ये यॉर्क येथे झाला. वडील मजुरी करत. नऊ भावंडांत जॉन थोरले. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलला एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकायला गेले. तिथे १८३१-३२ साली कॉलऱ्याची साथ आली. माझी आजी त्याला पटकी म्हणते. जुलाब-उलट्या होऊन अंगातले सगळे पाणी जाते. तेव्हा सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत दगावायचा. जॉनना कोळशाच्या खाणीतल्या मजुरांकडे पाठवले. पण औषधच नव्हते तर ते काय करणार!

पुढे ते लंडनला जाऊन मोठे डॉक्टर झाले. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात गुंगीचे औषध त्यांनीच दिले. पण मला त्यांचे पाण्याचे काम जास्त आवडते.

त्या काळी डॉक्टरसुद्धा समजत की घाण वासाच्या हवेने कॉलरा होतो. आपल्याकडे मरीआईचा कोप समजत, तसेच ते. स्नो यांना हे पटेना. रोग पोटात होतो, म्हणजे तो तोंडावाटे पाण्यातून जात असणार, असे त्यांनी १८४९ साली लिहिले. फारसे कोणी ऐकले नाही.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटजवळ साथ आली. दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसे गेली. स्नो चौकशी करत फिरले. मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी एकाच हापशाचे पाणी होते. जवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले. ते बिअर प्यायचे आणि त्यांची विहीरही वेगळी होती. (यावरून बिअर चांगली असे समजू नये. आमचा मामा समजला.) लांब राहणारी एक बाई त्या हापशाचे पाणी आवडते म्हणून मुद्दाम मागवायची. ती पण गेली. मग स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला हापशाची दांडी काढली. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही त्यांनी खरेपणाने लिहून ठेवले. नंतर खणून बघितले तर विहिरीपासून तीन फुटांच्या आत संडासाचा खड्डा होता. एका आजारी बाळाच्या दुपट्यांचे पाणी त्यातच ओतले होते.

आता नळाचे ऐका. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ होते. एकाच गल्लीत एका घरी एकीचे, शेजारी दुसरीचे. एक कंपनी थेम्स नदीचे पाणी शहराची गटारे मिळतात तिथूनच घ्यायची. दुसरीने १८५२ साली आपली जागा हलवून नदीच्या वरच्या अंगाला नेली होती. आपला नळ कोणाचा, हे पुष्कळ लोकांना माहीतच नव्हते. मग स्नो यांनी पाण्यात किती मीठ आहे ते तपासले. गटाराकडचे पाणी जास्त खारट निघे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत घाण पाण्याच्या दर १०,००० घरांमागे ३१५ माणसे मेली, चांगल्या पाण्याच्या घरांमागे ३७. नळ दोन्हीकडे सारखेच दिसत होते.

आमच्या आळीत नळाचा पाइप गटारातून जातो आणि जोडाला चिंधी बांधली आहे. पाणी दिवसाआड येते. पाइप रिकामा असला की गटाराचे पाणी आत शिरते, म्हणून पहिले पाणी गढूळ येते. आई ते पाणी झाडांना घालते. नंतरचे गाळून उकळते, कारण नुसत्या फडक्याने जंतू अडत नाहीत. मग झाकून ठेवते आणि ओगराळ्याने घेते. माझा लहान भाऊ हात बुडवतो तर त्याला धपाटा मिळतो. पण तो जोड अजून तसाच आहे. पालकांनो, घरी जाताना वाटेत आहे, बघून जावा.

डॉ. स्नो १६ जून १८५८ रोजी वारले. वय फक्त ४५. नंतर १८८४ साली रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरांनी आपल्या कोलकत्त्याला येऊन तलावाच्या पाण्यातही कॉलऱ्याचे जंतू दाखवले. ते स्वल्पविरामासारखे वाकडे असतात. ब्रॉड स्ट्रीटला आता ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात. तिथे आठवण म्हणून एक हापसा उभा केला आहे. त्याला दांडी नाही.

(इयत्ता ४ थी)