मंडईला फुल्यांचे नाव देणारा संपादक

आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात पालिकेची निवडणूक लागली की साप्ताहिके काढणारे पत्रकार हमखास उमेदवारी मागतात. त्यात गैर काही नाही. काहींचे अर्ज आम्हीच भरून दिले आहेत. पण लेखणीवाल्याने सभागृहात जाऊन करायचे काय, असा प्रश्न निघाला की आम्हाला आचार्य अत्रे आठवतात.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म 13 ऑगस्ट 1898 चा, सासवडजवळच्या कोडीत गावी, ब्राह्मण घरात. शिक्षक, नाटककार, नियतकालिकांचे संपादक असे करत 1930 च्या दशकाअखेर ते काँग्रेसतर्फे पुणे नगरपालिकेत गेले. शहराच्या मोठ्या मंडईला तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. अत्र्यांनी पुढाकार घेऊन तिथे महात्मा फुल्यांचे नाव आणले. याच पालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी मंडईच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला द्या, हे त्यांचे म्हणणे. तरीही ज्या पुण्याने सावित्रीमाईंवर शेण फेकले, त्या पुण्याला भाजी आणायला जाताना रोज फुल्यांचे नाव घ्यावे लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

अत्रे पहिल्यापासून आंबेडकरवादी होते, असे आम्ही म्हणणार नाही. काँग्रेसमध्ये असताना ते बाबासाहेबांच्या विरोधी गोटातच होते. पण 1947 मध्ये ‘नवयुग’चा आंबेडकर विशेषांक त्यांनीच काढला. 1954 मध्ये ‘महात्मा फुले’ चित्रपटाचा मुहूर्त त्यांनी बाबासाहेबांच्या हस्ते केला. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी त्यांनी 15 नोव्हेंबर 1956 रोजी दैनिक ‘मराठा’ सुरू केले. तीनच आठवड्यांत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर, रडणाऱ्या लाखोंच्या समुदायापुढे अत्रे बोलले. पुढे ‘मराठा’तून ते बाबासाहेबांवर लिहीत राहिले; ‘दलितांचे बाबा’ हे त्यांचे पुस्तक आमच्या कित्येक घरांत आहे.

1957 च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर होते. मुंबईतून अत्रे विधानसभेत आणि नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेत पोहोचले. एकाच आघाडीतून, हे आमच्या तरुणांना सांगावे लागते.

13 जून 1969 रोजी अत्रे वारले. पुण्याच्या मंडईवरचे नाव मात्र आजही तेच आहे.