गतीचा अभ्यासक

चालताना आपला गुडघा किती वाकतो, असे कोणी विचारले तर आपल्याला नेमके सांगता येणार नाही. आपण रोज चालतो, इतरांना चालताना पाहतो. परंतु पाय इतक्या त्वरेने पुढे जातो, की डोळ्यांना त्याची प्रत्येक स्थिती टिपता येत नाही. डोळ्यांना न गवसणारी ही हालचाल मोजण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या शास्त्रज्ञांचे नाव एतिएन-ज्यूल मारे.

मारे यांचा जन्म फ्रान्समधील बोन या गावी ५ मार्च १८३० रोजी झाला. त्यांचा ओढा यंत्रांकडे होता; पण मुलाने वैद्य व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. वडिलांच्या शब्दाला मान देऊन ते पॅरिसला वैद्यकशास्त्र शिकले; मात्र यंत्रांची आवड त्यांनी सोडली नाही. नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर आपोआप उमटवणारे यंत्र त्यांनी बनवले. पुढे बुटांच्या तळाशी हवेची पोकळी ठेवून त्यांनी पावलांचीही नोंद घेतली.

१८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे ओळीने घेतली. ती पाहून मारे छायाचित्रणाकडे वळले. १८८२ मध्ये त्यांनी एक अजब बंदूक तयार केली. तिच्यातून गोळी सुटत नसे. उडत्या पक्ष्यावर ती रोखली, की एका सेकंदात बारा चित्रे उमटत!

त्यानंतर त्यांनी चालणाऱ्या माणसाची अनेक चित्रे एकाच काचेवर घेण्यास आरंभ केला. येथे मोठी अडचण उभी राहिली. चित्रे थोडी असली, तर मधली हालचाल निसटे. ती वाढवली, तर एकमेकांवर चढून सारे पुसट होई. मारे यांनी युक्ती योजली. माणसाला नखशिखांत काळा पोशाख घातला, मागेही काळोखी पार्श्वभूमी ठेवली. सांध्यांवर चकाकते ठिपके व हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या. काचेवर माणूस दिसेनासा झाला आणि उरल्या केवळ रेषा! मांडीची रेषा व पोटरीची रेषा यांमधील कोन मोजला, की त्या क्षणी गुडघा किती वाकला होता, हे कळू लागले.

१५ मे १९०४ रोजी पॅरिस येथे मारे यांचे निधन झाले. पण त्यांची कल्पना जिवंत राहिली. आजही लंगडणाऱ्या मुलांची चाल तपासताना त्यांच्या पायांवर चकाकते गोळे चिकटवतात आणि अनेक कॅमेऱ्यांच्या साहाय्याने संगणक गुडघ्याचा कोन काढतो. पाऊल पुढे टाकताना तो सुमारे ६० अंशांपर्यंत जातो. तरीही हाडावरची कातडी सरकते, तिच्याबरोबर गोळाही हलतो आणि मापात थोडी चूक राहते. ती दूर करण्यासाठी शास्त्रज्ञ आजही झटत आहेत.

नेमके पाहायचे असेल, तर अनावश्यक ते झाकावे लागते, हाच मारे यांनी घालून दिलेला धडा आहे.