हँडल ते स्टार्टर : चार्ल्स केटरिंग

कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांतून आलेल्यांना ऑइल इंजिनचं हँडल काही नवीन नाही. लिव्हर उचलायचा, हँडल जोरात फिरवायचं आणि वेग आला की लिव्हर सोडायचा. एके काळी मोटारगाडीसुद्धा हँडल मारूनच चालू करावी लागे. पण पेट्रोल इंजिनात ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलटा झटका मारायचं. अनेकांची मनगटं त्यात मोडली.

गाडीला या हँडलमधून सोडवणारे इंजिनिअर म्हणजे चार्ल्स केटरिंग. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात शेतकरी कुटुंबात झाला. डोळे इतके कमजोर की अभ्यास केला की डोकं दुखायचं. त्यापायी कॉलेज मध्येच सोडून त्यांनी टेलिफोनच्या लाइनवर काम केलं. परत कॉलेजात जाऊन १९०४ मध्ये, २७व्या वर्षी, ते इंजिनिअर झाले. एक वर्ष गेलं म्हणून हॉस्टेलवर तोंड पाडून बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं!

पहिल्या नोकरीत त्यांनी दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासोबत डेल्को कंपनी काढली. इंजिन फिरवायला भली मोठी मोटर लागेल, असं जाणकारांचं मत होतं. केटरिंग यांनी वेगळा विचार केला. मोटर सतत थोडीच चालवायची आहे? काही सेकंदांपुरता जादा भार छोटी मोटरही सोसते. गल्ल्याच्या यंत्रात त्यांनी हेच पाहिलं होतं. इंजिन चालू झालं की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करी. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हा स्टार्टर आला.

पुढे १९२० ते १९४७ ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्याच काळात त्यांच्या देखरेखीखाली पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याची युक्ती निघाली. तिने इंजिनातलं नॉकिंग थांबलं, पण जगाची हवा विषारी झाली. भारतात असं पेट्रोल २००० साली बंद झालं. हुशारीला जबाबदारीची जोड हवी, हेही याच चरित्रातून शिकायचं. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचं निधन झालं.

हँडल गेलं, पण हाताने इंजिन फिरवणं संपलं नाही. घरी टॅपेट सेट करायचे तर आजही गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, बॅटरीची वायर काढून, प्लग खोलून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावतात. मग इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवायचं. व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी मिटतो, ते तेव्हा डोळ्यांना दिसतं. व्हायव्हाला पाठ केलेलं विसरेल, हे नाही विसरणार!